मोरेना उतरेपर्यंत

“काय म्हणतेय ती? निदिया, तुझी नजर बरी आहे, बघ की जरा!”

ओल्मान गुडघाभर पाण्यात काठी रोवून उभा होता आणि मी माझ्या खानावळीच्या पायरीवर. मोरेना नदीच्या पलीकडच्या काठावर त्याची भाची योर्लेनी हात हलवत होती. ती ओरडतही असणार, पण रात्रभर डोंगरात पाऊस पडल्यावर मोरेना दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. शेवटी योर्लेनीने दोन्ही तळवे गालाखाली धरून मान कलती केली, मग ओल्मानकडे बोट दाखवलं आणि हाताने ‘ये, ये’ केलं.

“आजी पडून आहे म्हणते,” मी सांगितलं. “आणि तुला बोलावतेय.”

“पडून म्हणजे?”

“पडून म्हणजे पडून. गेली असती तर पोरीनं असे हात केले असते का?”

मी जरा फटकळपणेच बोलले. गोड बोललं की ओल्मानला संशय येतो. आदल्या रात्री योर्लेनीचा फोन माझ्याकडेच आला होता, की आजीला धाप लागलीय, ती सारखी मामाचं नाव घेतेय. त्यानंतर वीज गेली आणि फोनही मुका झाला. ओल्मान नेहमीसारखा दुपारी ट्रक घेऊन शहरात गेला होता. तो उजाडता उजाडता इथवर परत आला आणि नदीपाशी अडकला. दिग्नाआजीचं घर पलीकडे, पहिल्याच वळणावर. माझ्या पायरीवरून त्याचं छप्पर दिसतं. त्याची आई तिथे शेवटच्या घटका मोजत होती आणि तो इथे पाणी मोजत होता.

ओल्मानचा ट्रक एके काळी गुरं वाहायचा. त्यात दोन बाकडी टाकली, वर ताडपत्री ओढली, की झाली आमच्या किनाऱ्याची बस. गावातल्या बायका, तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या आणि रानातली माकडं बघायला आलेले परदेशी पाहुणे, सगळे त्यातून जातात. पाहुणे चढले की ओल्मान मागे येऊन, फळीला टेकून, त्याचं ते भाषण देतो. पंचवीस वर्षांत त्यात शब्दाचा फरक पडलेला नाही. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून झटका, आत कोण झोपलंय ते ठाऊक नसतं. रानात घसरलात तर खुशाल पडा, पण न बघता फांदी धरू नका. नळाचं पाणी प्या, नदीचं नको. नदी समुद्राला मिळते तिथे पोहू नका, तिथे मगरींचं जेवणघर आहे. माकडाला केळं दाखवू नका, ते केळ्यावर थांबत नाही. आणि इथलं आभाळ बघू नका, डोंगरावरचं बघा. इथे ऊन असताना वरून पाण्याचा लोंढा येतो. आमच्याकडे त्याला पाण्याचं डोकं म्हणतात, कारण ते आधी येतं आणि बाकीचं धड मागून.

पाहुणे हसतात, फोटो काढतात. हसता हसता निम्मं तरी डोक्यात राहतं, असं ओल्मानचं म्हणणं.

त्या दिवशीही ऊन असंच लख्ख पडलं होतं. बदामाच्या झाडावर लाल पोपट कचाकचा भांडत होते. रस्त्यावर भाड्याच्या तीन जीपा उभ्या होत्या. पांढरी, करडी आणि एक लाल, चिखलाने माखलेली. आतले सगळे ओल्मानकडे बघत होते.

ही आमच्या रस्त्याची रीतभात म्हणा. मोरेनावर पूल नाही. नगरपालिकेने एकदा धोक्याची पाटी लावली होती, ती नदीने पहिल्याच पावसाळ्यात नेली. मग लोक ओल्मानकडे बघायला लागले. तो काठावर थांबतो, बूट काढतो, विजार वर दुमडतो आणि काठी टेकत पलीकडे जाऊन येतो. पाण्यात स्वतःच्या पायाची बोटं दिसली तर ट्रक काढतो. त्याचा ट्रक गेला की रस्ता उघडला. बाकीच्या गाड्या त्याच्या चाकांच्या वाटेने, कोंबडीमागून पिल्लं जावीत तशा जातात. त्याला हे काम कुणी दिलेलं नाही. गाडी भाड्याने देणारे लोकच पाहुण्यांना सांगतात, “नदीपाशी एक म्हातारा ट्रकवाला असेल, तो गेला तर जा.”

ओल्मान पाण्यातून बाहेर आला. त्याची बोटं काही त्याला दिसली नव्हती. पाणी कॉफीच्या रंगाचं होतं आणि त्यातून झाडांचे बुंधे चालले होते.

“माझी गाडी जाईल,” तो हळूच म्हणाला.

“जाईल?”

“चाकं उंच आहेत. सोनं चाळणारे होते ना वर, त्यांच्या वेळी याच्यापेक्षा जास्त पाण्यातून नेलीय.”

“तेव्हा तू तिशीचा होतास, ओल्मान.”

“गाडी तीच आहे.” त्याने ट्रकमधल्या दोन बायकांना खाली उतरवलं, त्यांची पोती माझ्या ओसरीवर आणून टाकली. “माझ्या एकट्याचाच प्रश्न आहे. आईनं बोलावलंय.”

मी काय बोलणार? माझी आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. तिने माझा हात धरला होता, आणि ते सुख मी कुणालाही नाकारणार नाही. मी म्हणाले, “जा. देव तुझ्याबरोबर आहे.”

त्याने ट्रक सुरू केला आणि पुढची चाकं पाण्यात घातली. तेवढ्यात मागे पांढऱ्या जीपचं इंजिन सुरू झालं. मग करडीचं. मग लालचं. दारं धडाधड लागली, पट्टे बांधले गेले आणि तिन्ही गाड्या शहाण्या मुलांसारख्या त्याच्या मागे रांगेत आल्या. पांढऱ्या जीपमध्ये मागच्या काचेला नाक लावून एक लहान मुलगी बसली होती.

ओल्मान आरशात बघत होता. पाणी चाकांना धडका देत होतं, ट्रक थरथरत होता, आणि तो पुढे बघतच नव्हता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पलीकडे योर्लेनी दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. तिला वाटलं, मामा निघाला.

मग ट्रक मागे आला. ओल्मान खाली उतरला आणि पांढऱ्या जीपपाशी गेला.

“इंजिन बंद करा.”

जीपमधला माणूस उंच होता, नाक उन्हाने सोललेलं. आमची भाषा तो शिकवणी लावल्यासारखी एकेक शब्द जपून बोलायचा. “पण तुम्ही जात होता.”

“मी जात नव्हतो.”

“आम्ही बघितलं.”

“मी चाकं धूत होतो.”

मला राहवलं नाही. मी पायऱ्या उतरून गेले आणि त्या माणसाला सगळं सांगून टाकलं. त्याचा चेहरा पडला. तो खाली उतरला, त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“तुम्ही जा,” तो म्हणाला. “आम्ही इथेच थांबतो. मी शब्द देतो. या दोन्ही गाड्यांनाही मी थांबवतो.”

“तुम्ही भले माणूस आहात,” ओल्मान म्हणाला. “तुम्ही थांबाल. पण ते?”

मागच्या वळणावरून आणखी दोन गाड्या येत होत्या, टपावर लाटांवर खेळायच्या फळ्या बांधलेल्या.

“त्यांना मी सांगीन!” मी म्हणाले. “दिवसभर सांगीन. माझं तोंड काय कमी आहे का?”

“तोंडाला तुझ्या तोड नाही, निदिया. तू सांगशील पाणी जास्त आहे. ते पलीकडे बोट दाखवून विचारतील, मग तो ट्रक तिकडे कसा गेला? काय सांगशील?”

ही नदी काही दाराएवढी नाही की फळी आडवी टाकली आणि झालं. गोट्यांचा पसरट काठ, कुठूनही उतरावं. आणि ट्रक पलीकडे दिसला की माझं कोण ऐकतंय? माझ्या बोलण्यापेक्षा त्याच्या चाकांवर लोकांचा विश्वास. मला त्या क्षणी त्या विश्वासाची चीड आली. त्या सोललेल्या नाकाच्या माणसाची आली, त्या मुलीची आली, आणि सगळ्यात जास्त ओल्मानची आली. कुणी सांगितलं होतं एवढं भरवशाचं व्हायला?

तो एका मोठ्या दगडावर बसला. मी गुळाचं गरम पाणी नेऊन दिलं, ते त्याच्या हातात गार झालं.

“ती म्हणत असेल,” थोड्या वेळाने तो बोलला, “आला का तो उशिरा? जन्माला आला तोही उशिराच.”

“तुझी आई तुला कधी चांगलं बोललीय का?”

“ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसायची. नदी आली की डोळे मिटून जप करायची. पार झाल्यावर म्हणायची, देवानं आणलं, तू नुसता चाक धरून बसला होतास.” तो हसला. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे भरले. “बाकी सगळे गेले, निदिया. बायको गेली राजधानीला, म्हणाली मला पूल असलेल्या गावात राहायचंय. पोरं गेली तिच्या मागं. आई म्हणाली, मी कुठं जात नाही, मला पाणी ओलांडायचा कंटाळा.”

उन्हं डोक्यावर आली. पाहुणे माझ्या बाकड्यांवर येऊन बसले, भात-घेवडा आणि तळलेली केळी मागू लागले. त्या दिवशी माझा आठवड्याचा धंदा झाला, आणि प्रत्येक ताटाला मला लाज वाटली. फळ्यावाल्या पोरांपैकी एकाने, त्याला काहीच ठाऊक नव्हतं, ओल्मानला जाऊन विचारलं, “काका, कधी उतरणार हे पाणी?”

“चारच्या सुमारास,” ओल्मान म्हणाला. “तोवर जेवून घे. निदियाचा भात चांगला असतो.”

दुपारी योर्लेनी पुन्हा काठावर आली. सकाळी ती धावत आली होती, या वेळी चालत आली. पाण्याजवळ येऊन थांबली. तिने हात कपाळाला लावला, मग छातीला, मग एका खांद्याला, मग दुसऱ्याला. आणि हात खाली सोडून उभी राहिली.

या वेळी ओल्मानने मला काही विचारलं नाही. तो दगडावरून उठला, टोपी काढली आणि छातीशी धरली. पांढऱ्या जीपवाल्याने आपल्या ताटातून मान वर केली, हातातला चमचा ठेवला आणि तोही उभा राहिला. मी मात्र चुलीकडे तोंड करून रडले. डोळे पुसून वळले तर पलीकडच्या छपरातून धूर निघत होता. बायकांनी मयताच्या जागरणासाठी कॉफी चढवली असणार.

“आता तरी जा,” मी त्याला म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

“आता कसली घाई?” तो म्हणाला.

चार वाजून गेल्यावर दगडांचे काळे माथे दिसू लागले. ओल्मानने बूट काढले, विजार दुमडली आणि काठी घेऊन पाण्यात उतरला. मधोमध जाऊन तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग काठी उंच केली. रस्त्यावर टाळ्या वाजल्या. फळ्यावाल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी त्यांना गप्प केलं.

खानावळ बंद करून, जागरणासाठी कॉफीचं पाकीट आणि पाव घेऊन मी ट्रकमध्ये त्याच्या शेजारी, दिग्नाआजीच्या जागी बसले. त्या दोन बायका पोती घेऊन मागे चढल्या. पाणी पायाखालच्या फळीला लागून खदखदत होतं. मी डोळे मिटले नाहीत, जपही केला नाही. रात्री आजीसाठी म्हणायचा जप मी इथेच कशाला संपवू?

पलीकडे पोचल्यावर मला वाटलं, तो थेट घरी जाईल. वळण तिथे समोर होतं. योर्लेनी धावत येऊन ट्रकच्या दाराला बिलगली. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ट्रक कडेला लावला आणि अनवाणीच पुन्हा पाण्यात गेला. नदीच्या मधोमध, पाण्याखालच्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून त्याने हाताने वाट दाखवली. पांढरी जीप आली. करडी आली. लाल जीपचं चाक जरा वाहवलं, तेव्हा तो तिच्या बाजूला टेकून उभा राहिला आणि ती सरळ झाली. मग फळ्यावाल्या गाड्या.

पांढरी जीप काठावर चढून थांबली होती. ओल्मान बाहेर आला तशी काच खाली झाली. त्या माणसाला काहीतरी बोलायचं होतं, पण शिकवणीत त्याला ते शब्द कुणी दिले नव्हते. मागून ती मुलगी ओल्मानच्या ओल्या पायांकडे बघत होती.

ओल्मान खिडकीत वाकला. ट्रकच्या फळीला टेकून बोलतो त्याच आवाजात म्हणाला, “पुढं वळणावर निळ्या दाराचं घर लागेल. दारात माणसं असतील, पोरं रस्त्यात असतील. तिथं गाडी हळू घ्या.”

माणसाने मान हलवली. ओल्मान पुढच्या गाडीकडे गेला, तिलाही तेच सांगितलं. मग तिसरीला. फळ्यावाल्या पोरांना गाणं बंद करायला लावून सांगितलं. सगळ्या गेल्यावर तो ट्रकच्या पायरीवर बसला, सदऱ्याने पाय पुसले आणि बूट घातले. नाड्या त्याला बांधता येईनात, त्या योर्लेनीने बांधल्या.

आम्ही पोचलो तेव्हा घरातल्या बायका म्हणाल्या, गाड्या गेल्या ते कळलंसुद्धा नाही.