आमच्या वंशात नाही

बालाजीराव रेल्वेतून निवृत्त झाले, पण चौकशी समितीपुढे जबाब दिल्यासारखं बोलायची त्यांची सवय काही गेली नव्हती. कोणी काही विचारलं की पाठ ताठ, आवाज खडा आणि एका वाक्यात निकाल. त्या दिवशी इस्पितळातही त्यांनी तसंच सांगून टाकलं, "आमच्या वंशात हा रोग कोणालाही नाही."

समोर अलमेलू नावाची तरुण समुपदेशक कागद घेऊन बसली होती. बालाजीरावांची एकुलती एक मुलगी कीर्तना अवघी तेहतीस वर्षांची, आणि डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया होऊन तिला पाच महिने झाले होते. एवढ्या लहान वयात कॅन्सर झाला तर कधीकधी आईकडून किंवा वडिलांकडून आलेल्या जीनमध्ये दोष असतो, म्हणून अलमेलू घराण्याचा तक्ता काढत होती. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. कीर्तनाच्या आईच्या, अन्नपूर्णाबाईंच्या, एका मावशीला सत्तरीत हा रोग झाला होता. तो गोल तिनं पेनानं काळा केला. बालाजीरावांची बाजू कोरी राहिली.

"मावशींचं वय बरंच होतं, आणि वडिलांकडे काहीच नाही," अलमेलू तमिळमध्ये म्हणाली. "मग जीनची महागडी तपासणी सध्या नाही केली तरी चालेल. दोष निघाला असता तर दुसरा स्तन, अंडाशयही काढायचा विचार करावा लागला असता."

कीर्तनानं सुटकेचा श्वास सोडला. अन्नपूर्णाबाई मांडीवरच्या पिशवीचे बंद ओढत राहिल्या. "तुझ्या माहेरचं दुखणं माझ्या लेकीला लागलं," हे त्या पाच महिने नवऱ्याच्या तोंडून ऐकत होत्या. एकदाही त्यांनी उलट उत्तर दिलं नव्हतं.

आता बालाजीराव धडधडीत खोटं बोलले का? त्यांना विचाराल तर नाही. वंश म्हणजे आजोबा, वडील, आपण. धाकटी बहीण विमला लग्न होऊन गेली, तिचं गोत्र बदललं, ती त्या घरची झाली. छातीतल्या गाठीनं गेली खरी, पण ती त्या घरची सून म्हणून गेली. त्यांच्या स्वतःच्या आत्याचंही तेच, तीही अशाच गाठीनं गेली होती. तंजावरच्या त्यांच्या मराठी घरात पिढ्यान् पिढ्या असंच मानत आले होते, आणि सोयीचं असलं की माणूस परंपरेला फार घट्ट धरून बसतो.

चार दिवसांनी सर्वपित्री अमावास्या आली. सकाळी ते पाटावर बसले. पुरोहित नारायणस्वामी एकेक नाव सांगत होते आणि बालाजीराव तिळाचं पाणी ताम्हणात सोडत होते. आत्याचं नाव आलं, तिच्या सासरच्या गोत्रासकट. मग विमलाचं, तिच्या सासरच्या गोत्रासकट. वीस वर्षं ते हे पाणी देत होते. पाणी द्यायला ती आपली, आणि लेकीचा जीव वाचवायच्या कागदावर परकी? त्यांचा हात थांबला. नारायणस्वामींनी मंत्र पुन्हा सांगितला, तरी ताम्हणात पाणी पडलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ते दोघींना घेऊन अलमेलूपुढे जाऊन बसले. या वेळी पाठ ताठ नव्हती.

"माझ्या बहिणीला होता," ते म्हणाले. "आत्यालाही."

"बहिणीचं वय काय होतं? कोणत्या बाजूला?"

बालाजीरावांना सांगता येईना. शेवटच्या दिवसांत विमला त्यांच्याच घरी होती, पण तिच्या खोलीत ते कधी गेलेच नव्हते.

"एकेचाळीस," अन्नपूर्णाबाई हलकेच म्हणाल्या. "आधी उजवीकडे, मग दोन्हीकडे. पट्ट्या मीच बदलत होते."

कीर्तनानं आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "अय्यो अप्पा, आणि पाच महिने तुम्ही अम्माला बोलत होता?"

अलमेलूनं बालाजीरावांच्या बाजूला दोन गोल काळे केले. कीर्तनाचं रक्त तपासणीला गेलं.

"बहिणीला मुली आहेत?" अलमेलूनं विचारलं.

होती, एकच. क्षमा, अंबत्तूरला राहणारी, छत्तीस वर्षांची. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. पुढे मुलीचं लग्न अडेल म्हणून विमलाला कावीळ झाली होती असं साऱ्या नात्यात सांगायचं ठरलं. ठरवणारे बालाजीराव. क्षमाला आणि कीर्तनालाही तेच सांगितलं गेलं.

घरी येताच त्यांनी तिला फोन लावला. सुरुवात कशी करावी ते कळेना, म्हणून त्यांनी तिची प्रकृती विचारली.

"बरी आहे मामा. गेल्या महिन्यात छातीत बारीकशी गाठ लागली होती, दाखवून आले," क्षमा मोकळेपणानं म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला होतं का. म्हटलं, नाही, आई तर काविळीनं गेली. मग ते म्हणाले, घाबरू नका, सहा महिन्यांनी या."

अन्नपूर्णाबाई शेजारीच उभ्या होत्या. रिसीव्हर त्यांच्या हातात द्यावा असं बालाजीरावांना फार वाटलं. त्यांनी तो दिला नाही.

"क्षमा, तू उद्याच जा," ते म्हणाले. "तुझ्या आईला कावीळ नव्हती. मीच सगळ्यांना तसं सांगायला लावलं."