शेंदराखालचा नंबर

बाबांच्या जुन्या जीपचं डिझेल इंजिन माझ्या इंजिन निकामी झालेल्या सेकंडहँड एसयूव्हीत बसवायचं, तर परवानगीसाठी झाशीच्या आरटीओत खेटे मीच घातले. इंजिन बसलं, आज तपासणी होती; आईही सोबत आली होती. साहेब बॉनेटखाली वाकून शोधत राहिले. “इंजन नंबर कहाँ है, भैया?”

नंबरावर शेंदराचा जाड थर! आई दर खंडेनवमीला तिथेच बोट टेकवायची आणि बिजौलीच्या मेकॅनिकने देवाचं म्हणून तेवढं घासायचं सोडलं होतं.

“आई, अख्ख्या इंजिनात हीच जागा सापडली तुला?” मी चिडलो.

आईने तेलाच्या चिंधीने शेंदूर पुसला. आजूबाजूचं लोखंड गंजाने खाल्लेलं, पण नंबराचा आकडा न् आकडा लख्ख. साहेबांनी तो कागदाशी जुळवला, मग आईकडे वळले.

“माताजी, अब फिर लगा दीजिए.”