लाल गोल

एल्वुड टॅरंटच्या पाठीमागे बसून मी सव्वीस वर्षं ड्रम वाजवले. डेट्रॉइटमध्ये जॅझ गिटार त्याच्यासारखी कुणी शिकवली नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. दिवसा तो मोटारींच्या कारखान्यात दारं बसवायचा, शनिवारी आमच्याबरोबर क्लबात वाजवायचा आणि रविवारी चर्च सुटलं की घराच्या तळघरात पोरांना शिकवायचा. कागद पुढे धरलेला त्याला खपत नसे. आधी गा, मग वाजव, एवढंच.

एकाहत्तर साली इथल्या एका कॉलेजात जॅझचा विभाग निघाला. एल्वुडने अर्ज केला. दोन ओळींचं उत्तर आलं, पदवी नसल्यामुळे विचार करता येत नाही. त्या जागेवर घेतलं गॉर्डन व्हिटलॉक नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या गोऱ्या पोराला. त्याने प्रबंध कशावर लिहिला होता? एल्वुडच्या रेकॉर्डवर.

वर्षभराने त्याच विभागातून पत्र आलं, पाहुणे म्हणून एका तासाला या. मी म्हटलं, जाऊ नकोस. एल्वुड म्हणाला, पोरांनी काय केलंय? मग मीही बरोबर गेलो.

फळाभर त्या रेकॉर्डमधला एल्वुडचा सोलो, म्हणजे त्याने एकट्याने वाजवलेला तुकडा, लिहिलेला होता आणि पहिल्याच सुराभोवती लाल खडूने गोल काढला होता. व्हिटलॉकने तीसेक पोरांना समजावलं की इथे मिस्टर टॅरंट यांचं बोट घसरलं, पण शिक्षण नसूनही त्यांनी उपजत हुशारीने ते सावरून घेतलं. एल्वुड समोर बसलेला असताना हे सगळं.

"बोट घसरलं हे तुला कुणी सांगितलं?" एल्वुडने विचारलं.

"त्या कॉर्डच्या सुरांमध्ये तो सूर बसतच नाही, मिस्टर टॅरंट. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका."

"माझ्या आधी आमची गायिका लोरेन गात होती. तिच्या आईला पुरून चार दिवस झाले होते. शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला आणि खाली आला. मी तोच सूर उचलला. तिला एकटीला बेसूर ठरू द्यायचं होतं का?"

व्हिटलॉक हसला. आठवणी छानच असतात, म्हणाला, पण इथे आम्ही स्वरलिपीचा अभ्यास करतो.

एल्वुड उठला आणि कोटाच्या बाहीने त्याने फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला. मग पोरांकडे वळून म्हणाला, "वह्या मिटा. गा माझ्यामागून." लोरेनची ओळ त्याने फाटलेल्या आवाजासकट गाऊन दाखवली. पोरं आधी बिचकली, मग गायला लागली. व्हिटलॉक धावत जाऊन विभागप्रमुखांना घेऊन आला. त्यांनी गोड आवाजात सांगितलं की वेळ संपला आहे.

"माझं झालेलं नाही," एल्वुड म्हणाला. "थांबा दारात."

आणि ते खरंच दारात थांबले. एल्वुडने सोलो शेवटच्या सुरापर्यंत गाऊन घेतला.

बाहेर आल्यावर मात्र जन्मभर दारं बसवणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या गाडीचं दार लाथ मारून चेपवलं.

त्या रविवारी वर्गातली नऊ पोरं तळघराच्या पायऱ्या उतरून आली. वही आणली म्हणून त्यांतल्या चौघांना त्याने घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात ते चौघे हात हलवत आले.

कॉलेजने त्याला पुन्हा बोलावलं नाही. व्हिटलॉकचं पुस्तक निघालं, त्यातही तो सूर 'सुंदर चूक' म्हणूनच छापला गेला. एल्वुडने प्रकाशकाला तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. तो शिकवत राहिला, ऐंशी वर्षांचा होऊन गेला तोवर.

त्याच्या अंत्यविधीला व्हिटलॉक आला. केस पांढरे झाले होते, हातात लिहून आणलेला कागद होता. दोन शब्द बोलू का, असं त्याने मला हळूच विचारलं.

"इथे त्याचे विद्यार्थी बोलणार आहेत," मी म्हटलं. "तुम्ही त्याच्याकडे कधी शिकलात?"

त्याने कागदाची घडी केली आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. मला त्याची जराही दया आली नाही.