हेडलाइटवरचं लाल

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट लहानशी आहे, पण लांबून ऐकण्यातली नाही. ते पाहा, रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात, आपल्या अंगणात शालिग्रामराव उकिडवे बसलेत आणि नळाची धार सोडून ओल्या पॉलिश पेपरनं मोटरसायकलच्या हेडलाइटचं लोखंडी कवच घासताहेत. दात-ओठ खाऊन घासताहेत.

त्यांची बायको इंदू गेली, तेव्हापासून ही गाडी ताडपत्रीखाली उभी होती. इंदूनं ती कधी चालवली नाही; मागं बसून सारं रायपूर पाहिलं, इतकंच. तरी घरात तिला आईची गाडी म्हणत. टाकीला गंज धरला तेव्हा शालिग्रामरावांच्या जिवाला घोर लागला. आता हीसुद्धा जायची? मग त्यांनी रेल्वेतल्या नोकरीची जुनी खाकी पँट चढवली आणि स्वतःच कामाला लागले.

"पेंटर को दे दो ना, बाबा." मुलगी मंजिरी शंकर नगरातल्या तिच्या घरून डबा घेऊन आली होती. "इस उमर में ये क्या शौक चढ़ा है?"

"शौक नाही वं. दुकानात दिली तर कोणतेही पोट्टे हात लावतीन तुझ्या आईच्या गाडीले. मीच करून राहिलो ना हळूहळू."

"कमर पकड़ेगी तो मुझे मत बुलाना."

"तुले नाही बोलावत. तू डबा तेवढा आणत जा."

ती हसली. तेवढ्यात हेडलाइटच्या माथ्यावर पांढरं लोखंड लखलखलं.

"निघाला बेटा!" गंज सुटला म्हणून शालिग्रामराव खुलले. "लय चिवट जंग होता. टिकल्याटिकल्यांनी बसला होता."

मंजिरीच्या हातात डब्याचं झाकण तसंच राहिलं. ती जवळ आली, वाकली.

"जंग ऐसा गोल-गोल आता है क्या?" आणि मग, घरातही हिंदीच बोलणारी ती मुलगी एकदम मराठीत म्हणाली, "बाबा, आईचं कुंकू होतं ते."

दर दसऱ्याला इंदू गाडी ओवाळायची. पाण्यानं धुऊन जाऊ नये म्हणून कुंकू तेलात कालवायची, जुन्या टिळ्याशेजारी नवा लावायची, आणि बोट तिथंच टेकवून नवऱ्यासाठी गाडीला सांगायची, "यायले सुखरूप घरी आणजो वं बाई."

लाल पाणी फरशीवरून नालीकडे निघालं होतं. शालिग्रामरावांनी तळहात आडवा धरला. पाणी बोटांच्या फटींतून गेलं.

"मले दिसलं नाही," ते म्हणाले.

"हव," मंजिरी मान हलवत म्हणाली, आणि तिनं नळ बंद केला.

नंतर रंग चढला. काळाभोर, तोंड दिसेल असा. शेजारचे भैय्यालाल पाहायला आले, गाडीभोवती फिरले, मान डोलावली, आणि हेडलाइटच्या माथ्यापाशी थबकले.

"वा भैया! पण इथं बोटभर जागा राहून गेली ना. लोखंड दिसून राहिलं."

"राहून नाही गेली. ठेवली."

"अरे, जंग चढंन तिथं!"

शालिग्रामरावांनी फडक्यानं टाकी पुसली. त्या उघड्या जागेवरून फडकं फिरवलं नाही.

"चढू दे," ते म्हणाले. "लाल तर दिसंन."

तर मंडळी, येत्या दसऱ्याला तुम्ही आपल्या गाडीला कुंकू लावाल, तेव्हा बोट उचलण्याआधी क्षणभर थांबा. इंदूची आठवण काढा.