मी मासळीची पेटी नव्हे

मित्रांनो, आधीच सांगून टाकते: माझ्यात मासळी नाही. कधीही नव्हती. मी संशोधनाच्या कामाची एक जुनी, निळी बर्फाची पेटी आहे, आणि जव्हारच्या जीप-थांब्यापासून दाभोशाच्या शेवटच्या घरापर्यंत ज्याने त्याने ‘काय आणलंय, बोंबील का?’ असे विचारून मला अगदी वैताग आणला आहे.

एका कारखान्यात साच्यातून माझा जन्म झाला. दुहेरी भिंतींमध्ये फोम भरून मला थंडी राखायला शिकवले गेले. सत्तावीस वर्षांपूर्वी डॉ. रंजना भोये यांनी मला घेतले. बाईंचे माहेर डोंगरातले दाभोसा. शाळा संपेपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलाही नव्हता. तरीही समुद्राच्या पाण्यातील, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांच्या अभ्यासाला त्यांनी आपले आयुष्य दिले. चमचाभर पाण्यात असे लक्षावधी जीव असतात. त्यांतला कोण कोणावर जगतो, मेलेले कुजवून त्याचे पुन्हा अन्न कोण करतो, याचा त्या शोध घेत. खाडीचा चिखल, नौकेवरून ओढलेले खोल समुद्राचे पाणी, सारे माझ्याच उदरात सुरक्षित राहिले. नौकेवर माझी प्रतिष्ठा होती. ‘पेटी सावलीत ठेवा’ असे कप्तानसुद्धा बजावीत.

पुढे बाईंना निराळाच प्रश्न पडला. डोंगरातील नद्या पुरात जी माती वाहून नेतात, तिच्यासोबत कोणते सूक्ष्मजीव समुद्रात उतरतात? तीन वर्षे आम्ही दाभोशाहून पुराचे पाणी नेले. त्यावरचा शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकांनी आणखी एका वर्षाचा नमुना मागितला, आणि तोही चढत्या पुराचाच. कारण पाणी ओसरू लागले की त्यातील जीवसृष्टी बदलते. बाई तर सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होत्या. म्हणजे गेल्या ऑगस्टमधला तो एकच पूर आमच्या हाती होता.

त्या सकाळी बाईंनी चढत्या पुरातून सहा बाटल्या भरल्या, प्रत्येकीवर वेळेची चिठ्ठी चिकटवली आणि त्या बर्फात ठेवल्या. मग मला भावाच्या ओटीवर ठेवून, जीपवाल्या मंगळूला फोन लागतो का ते पाहण्यासाठी त्या टेकडीवर गेल्या.

घरी त्यांच्या भावजय गोदीवहिनी होत्या. त्यांनी मला उघडले. मासळीच शोधीत होत्या, दुसरे काय! मासळी मिळाली नाही. मिळाले तांबडे, गढूळ पाणी. मग त्या सुगृहिणीने काय करावे? सहाही बाटल्या परसात ओतल्या, राखेने लख्ख घासल्या आणि उकळून गाळलेल्या पाण्याने काठोकाठ भरल्या. चिठ्ठ्या भिजू नयेत याचीही काळजी घेतली. मी सारे पाहत होते. मित्रांनो, इतकी वर्षे विद्येची सेवा करूनही मला वाणी कोणी दिली नाही. निषेध म्हणून मी बिजागरी करकरवली, तर वहिनींनी तिला तेल लावले.

दुपारी मंगळू जीप घेऊन आला. निघताना वहिनी मोठ्या समाधानाने म्हणाल्या, “बाय, तुझ्या बाटल्यांत निसता गढूळ पानी व्हता. शहरातली लोकां काय म्हनतील, दाभोशात चांगला पानी नाय? मी उकळून भरलाय.”

बाईंनी झाकण उघडून बाटल्या पाहिल्या. त्यांनी नदीकडे पाहिले. पाणी केव्हाच ओसरू लागले होते.

काय बिनसले ते ऐकून मंगळू हसला. “म्याडम, जाताना खालून भरा न सकाळची येळ टाका. त्या किड्यांना काय घड्याळ हाय?”

खरे सांगते, क्षणभर मलाही त्याचे म्हणणे पटले. चार वर्षांचे श्रम होते, आणि पाहणारे तरी कोण होते? बाईंनी बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या. मग त्यांनी पेन काढले, सहाही चिठ्ठ्यांवरच्या वेळेवर रेघ ओढली आणि खाली लिहिले, ‘हे पुराचे पाणी नव्हे.’

आपल्या हातून काहीतरी मोठे बिघडले हे वहिनींच्या ध्यानात आले. त्या पदराशी चाळा करीत उभ्या राहिल्या. बाई त्यांना म्हणाल्या, “तुझी चूक नाय, वहिनी. सत्तावीस वर्षं हेच काम करतेय, न तुला एकदाही पेटी उघडून दाखवली नाय.”

त्या नमुन्यावाचून निबंध गेला आणि परीक्षकांनी तो नाकारून परत पाठवला. बाई ठरल्या दिवशी निवृत्त झाल्या. माझा संताप अजून शमलेला नाही. पण तो कोणावर काढावा, हेच मला कळत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढी विनंती ऐका. दुसऱ्याची पेटी उघडण्यापूर्वी आत काय आहे ते विचारा. आणि पेटी तुमची असेल, तर कोणी विचारील म्हणून थांबू नका. घरच्या माणसांना जवळ बसवा, झाकण उघडा आणि ते गढूळ पाणी इतके मोलाचे का आहे, हे त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा.