गळत मी होतो

मी एक जुना वायसर आहे. रबराचा, काळा, मधून तुमचा अंगठा जाईल एवढा. मित्रांनो, नाकं मुरडू नका. माझ्यामुळे एका भल्या माणसाची अब्रू गेली आणि मला मात्र कुणी एका शब्दाने बोललं नाही. म्हणून आता मीच बोलतो.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून आम्ही शेकड्यांनी बाहेर पडलो. माझ्या नशिबी आलं एका बाथरूममधलं बेसिन. बेसिनचं पाणी खाली बाटलीसारख्या एका भांड्यात उतरतं, त्याला ट्रॅप म्हणतात. पाइप आणि ट्रॅप जिथे जुळतात, तिथे प्लॅस्टिकच्या नटाखाली मला दाबून बसवलं. काम एकच, थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. अकरा वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. कौतुक आरशाचं व्हायचं, नळाचं व्हायचं, अहो, साबणदाणीचंसुद्धा व्हायचं! माझं तोंड कुणी पाहिलं नाही. पुढे माझं रबर कडक झालं, एका बाजूला चीर गेली आणि मी गळू लागलो.

आता नीट ऐका. घरात तीन माणसं. बाबा, त्यांचे चिरंजीव आणि सूनबाई. चिरंजीव रोज सकाळी बेसिनला बूच लावून ते गरम पाण्याने काठोकाठ भरायचे, दाढी करायचे आणि बूच उपसून निघून जायचे. नुसता नळ सोडला तर मी कसाबसा तग धरायचो. पण सगळं पाणी एकदम आलं की माझा धीर सुटायचा. ते पाणी भिंतीवरून हळूहळू उतरायचं आणि कमोडपाशी साचायचं. तोवर बाबा आत जाऊन आलेले असायचे. त्यांच्यामागून सूनबाई जायच्या.

"अरे, आजही! आणि वास बघ कसला येतोय."

"बाबा, लहान मूल आहात का तुम्ही? कळत कसं नाही?"

"मी नाही रे केलं. बेसिन गळत असेल बहुतेक."

चिरंजीवांनी उभ्या उभ्या नळ सोडला, दोन सेकंदांनी बंद केला. "कुठे गळतंय? दाखवा ना! आता बेसिनवर ढकला."

त्या दिवसापासून बाबांची पार शोभा झाली. पाहुणे आले की सूनबाई हसत सांगायच्या, "थांबा हं, आत्ताच बाबा जाऊन आलेत, आधी पुसून घेते." पाहुणेही हसायचे. बाबांनी पाणी पिणं कमी केलं, ओठ सुकले तरी पेल्याला हात लावेनात. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला. बाहेर पडण्याआधी दार लावून ते आपला पायजमा चाचपून बघायचे. तो कोरडाच असायचा, तरी ते पुन्हा चाचपायचे. मी हे सगळं वरून बघत होतो आणि गळत होतो.

मग एका सकाळी चिरंजीवांनी हुकूम सोडला. "संध्याकाळी डायपर आणतो. उद्यापासून घालायचे. यावर चर्चा नको."

बाबा तीस वर्षं फिटर होते बरं का, त्यांनी हात लावल्याशिवाय कारखान्यातलं यंत्र सुरू व्हायचं नाही. घर रिकामं झाल्यावर ते कण्हत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी फरशीवरच्या पाण्यात बोट घातलं. बोटाला दाढीचा फेस लागला. म्हणजे पाणी बेसिनचंच!

मग त्यांनी प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळला, बेसिन भरलं आणि बूच उपसलं. माझ्याजवळचा कागद भिजला. "सापडलास, लेका!" ते म्हणाले. खाली बादली लावून, फडकं धरून त्यांनी नट हातानेच फिरवला. ट्रॅपमधून चिरंजीवांच्या दाढीच्या केसांचा काळा गाळ निघाला. त्यांनी तो धुतला, दुकानातून आणलेला नवा वायसर निमुळती बाजू बरोबर धरून बसवला, नट हाताने घट्ट केला. पुन्हा बेसिन भरून सोडलं. कागद कोरडा! बाबा एकटेच हसले आणि मला खिशात घातलं.

संध्याकाळी त्यांनी मला चिरंजीवांपुढे धरलं. "हा बघ, हा गळत होता. मी बदलला."

"आता गळतंय का?"

"छे, आता कसं गळेल?"

"मग मी काय बघू? कुठल्या डब्यातलं हे रबर काढलंत बाबा, आणि गोष्टी रचताय!" असं म्हणून त्यांनी टेबलावर डायपरचं पुडकं आपटलं.

चूक कळली ना? बाबांनी दाखवायच्या आधी दुरुस्त केलं. फिटरची खोड, दुसरं काय!

दुसऱ्या सकाळी चिरंजीवांनी समोर उभं राहून त्यांना डायपर घालायला लावला. सूनबाई आत जाऊन आल्या आणि ओरडल्या, "अगदी कोरडी फरशी!"

"बघितलंस? एका दिवसात गुण आला. आता बंद करायचे नाहीत."

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा परत बेसिनखाली बसले. नट अर्धा फेरा सैल केला की झालं. उद्या डायपर असूनही पाणी साचलं असतं आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. बाबांनी नटावर हात ठेवला. मी खिशातून जिवाच्या आकांताने ओरडत होतो, "सैल करा हो, सैल करा!" बाबांनी जोडावरून कागद फिरवला. कोरडा होता. "चांगलं बसलंय," ते पुटपुटले. "बसवलेलं काम बिघडवायला हात धजत नाही." आणि भिंतीला धरून उठले.

मित्रांनो, फरशी ओली दिसली तर माणसावर ओरडण्याआधी गुडघे टेकून वर बघा. आमच्यासारख्यांची वेळच्या वेळी चौकशी करा. एवढंच मागणं आहे, आणि ते मागायला मला उशीर झालाय.

बाबा चालले की अजून पायजम्यातून डायपरचं प्लॅस्टिक सळसळतं. चिरंजीव रोज बेसिन भरतात, दाढी करतात, शीळ घालत बूच उपसतात. नवा वायसर एक थेंब सोडत नाही. फार चांगला बसवलाय.