मुख्याध्यापकांच्या दाराबाहेरचा बाक

मी बाक बोलतोय. शाळेत शिरल्यावर उजव्या हाताला मुख्याध्यापकांची खोली लागते, तिच्या बाहेर भिंतीला टेकून उभा असतो, तोच मी. मला बोलायची सवय नाही. आयुष्य ऐकण्यात गेलं.

वसईकडच्या एका सुताराने मला घडवलं ते देवळासाठी. इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. माझ्या पुढे पायांशी एक अरुंद, बुटकी फळी आहे. प्रार्थनेच्या वेळी तिच्यावर गुडघे टेकायचे. किती गुडघ्यांनी ती गुळगुळीत केली, त्याची मोजदाद मी ठेवली नाही.

शाळा तेव्हा देवळामागच्या कौलारू पडवीत भरायची. पाच वर्ग आणि मध्ये गोणपाटाचे पडदे. तिसरीचे पाढे ऐकून दुसरीच्या मुलांनाही ते पाठ व्हायचे. पुढे मुलं वाढली. १९६३ साली त्याच आवारात दोन मजली इमारत झाली आणि हायस्कूल अशी पाटी लागली. त्याच वर्षी देवळात नवे बाक आले. मला चार जणांनी उचलून इथे आणलं.

पहिले काही दिवस करमलं नाही. मग कळलं की इथेही लोक काहीतरी मागायलाच येतात. कोणाला प्रवेश हवा असतो, कोणाला माफी. कचेरीत जाणारे वडील येतात ते घड्याळ बघत टोकावर बसतात. शेजारच्या खारदांड्याच्या कोळणी मात्र मला बघून थबकायच्या. एवढी उंच, पाठ असलेली जागा साहेबलोकांची असणार, असं त्यांना वाटायचं. त्या सरळ खालच्या फळीवर बसायच्या आणि पाठ मला टेकायच्या. शिपाई गुणाजी हसायचा, पण उठवायचा नाही.

कृष्णाबाई आली तीही तशीच बसली. १९६९चा जानेवारी होता. म्हावऱ्याची पाटी तिने फाटकाबाहेर ठेवली होती. तिची मुलगी शकु अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला होती. परीक्षेला दोन महिने उरले होते आणि कृष्णाबाई तिचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली होती. शकु खांबाजवळ उभी होती. ती रडत नव्हती, नुसती फरशीकडे बघत होती.

फादर आल्मेडा खोलीतून बाहेर आले. उंच माणूस, पांढरा झगा. कृष्णाबाई गडबडीने उठायला गेली, पण तिचे गुडघे उठेनात. फादरांनी तिला वर बसा म्हटलं नाही. झगा सावरला आणि तेही त्या बुटक्या फळीवर तिच्या शेजारी बसले. मी इतकी वर्षं देवळात काढली, पण फादरांना तिथे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

कृष्णाबाईने सगळं सांगितलं. नवरा भिकाजी होडीवर, म्हावरं विकायचं ते तिनेच. डोक्यावर पाटी घेऊन घरोघर चालायचं. आता चालवत नव्हतं. महिनाभर गेलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, ते परत येत नाही. म्हणून पाटी शकुने घ्यायची.

"माजं गुडगं गेलं, फादर. पोरीचं अजून धड हायत."

फादरांनी विचारलं, धंदा कोणत्या वारी कमी असतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, तिने सांगितलं. लोकांचे वार असतात.

"आमचा शुक्रवार असतो," फादर म्हणाले. "आणि पुढच्या महिन्यापासून आमच्या लोकांचा उपास. चाळीस दिवस. मटणाला कोणी शिवत नाही, मासळी चालते."

कृष्णाबाईला ते पटेना. कोळीवाड्यात अरेतुरेच चालतं, फादर असो की कलेक्टर.

"म्हावरं खाऊन उपास? ह्यो कसला उपास रं बाबा?"

शकुला हसू आलं. फादरही हसले. मग त्यांनी सुचवलं, घरोघर फिरू नका. देवळाच्या बाजूच्या फाटकाशी बसा. सकाळची प्रार्थना सुटली की गावठाणातल्या बायका तिथूनच जातात. शाळा भरायच्या आत पाटी रिकामी होईल. शकुला परीक्षेपर्यंत राहू द्या.

कारकून मस्करेन्हस सर हे ऐकून बाहेर आले. शाळेच्या दारात वास येईल, पालक तक्रार करतील, असं त्यांचं म्हणणं. फादरांनी शांतपणे विचारलं, "सर, शुक्रवारी तुमच्या डब्यात काय असतं?" सर आत गेले.

त्या दिवशी दाखला लिहिला गेला नाही.

मला इथून बाजूचं फाटक दिसतं. त्या उपासाचे चाळीस दिवस कृष्णाबाई रोज तिथे बसली. लुगड्यातल्या ख्रिस्ती म्हाताऱ्या तिच्याशी इतक्या भांडायच्या की वाटायचं आता परत येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच पहिल्या. शाळा सुटली की शकु माझ्यावर बसून भूमिती घोकायची. परीक्षा झाली, उपास संपला, तरी कृष्णाबाई फाटकाशीच बसत राहिली.

जूनमध्ये निकाल लागला. शकु गणितात नापास झाली. ती माझ्या टोकाला बसून राहिली, घरी जाईना. गुणाजी फाटकावर जाऊन तिच्या आईला घेऊन आला. मला वाटलं, आता आई पाटी पोरीच्या डोक्यावर देणार. फादर काही बोलायच्या आधी तीच बोलली.

"आक्टोबरला परत बसंल ती. माजं गिऱ्हाईक कुटं पलालंय?"

ऑक्टोबरात शकु पास झाली. मला ते गुणाजीकडून कळलं. मायलेकी माझ्याकडे काही आल्या नाहीत. माणसांना कामं असतात.

आता १९७८ साल आहे. अकरावी जाऊन दहावी आली. फादर आल्मेडांची बदली झाली, कृष्णाबाई थकून घरी बसली. माझा एक पाय वाळवीने पोखरलाय. नवे फादर भले आहेत, पण त्यांना इथे हाताच्या खुर्च्या आणायच्या आहेत. आणा. माझी तक्रार नाही. फक्त एवढं बघा, हाताच्या खुर्चीत ज्याला त्याला एकट्यानेच बसावं लागतं. दोघं शेजारी शेजारी बसतील असं काहीतरी इथे असू द्या.

आज सकाळपासून एक बाई येऊन बसली आहे. मुलाचा दाखला मागते. फादर वर्गावर आहेत, आणि अजून कोणी तिच्या शेजारी बसलेलं नाही. तुम्हाला वेळ असेल तर तुम्ही बसा.